पाचगावच्या मुरमावर चार गुंठे: आधी झाडं लावू की आधी भाजी?

शिरोळकरीण | 9 मे, सकाळी 10:20

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ पाचगावच्या वरच्या अंगाला आमचं घर पूर्ण होत आलंय. प्लॉट चार गुंठ्यांचा, पूर्वेला रस्ता. घर दुमजली आहे आणि रस्त्याकडं सरकवून बांधलंय. त्यामुळं मागं पश्चिमेला दक्षिणोत्तर 48 फूट लांब आणि 35 फूट रुंद अशी सलग जागा राहते. ती परड्यासाठी.

माझी आई शिरोळकडचं घर बंद करून पावसाळ्याआधी आमच्याकडं राहायला येतेय. तिनं मागितलं ते एवढंच, की दाराशी परडं असावं. तिकडच्या परड्यात काटेरी वांगी, पोकळा, अंबाडी, दोडक्याचा मांडव, पावटा, एक शेवगा आणि कडीपत्ता होता. बाजारातून ती कांदे-बटाटे आणायची, बाकी सगळं दारचं. इथं आल्यावर तिला उपरं वाटू नये, ही माझी खरी काळजी आहे.

तिकडं नदीकाठची काळी माती. इथं फूटभर माती आणि खाली मुरूम. एका नर्सरीत विचारलं तर कंपाउंडला कोनोकार्पसची रांग, दारात दोन पाम आणि मागं ‘कुठलीही भाजी लावा, सगळी येते’ असं सांगितलं. मला ते पटलं नाही. माझा आराखडा असा आहे: नैऋत्येच्या कोपऱ्यात आंबा, दक्षिणेच्या भिंतीला जांभूळ आणि एक नारळ, उरलेल्या जागेत वाफे. हे बरोबर आहे का? आणि भाजीचे वाण कोणते घेऊ? पाकिटावर नुसतं ‘वांगी’ लिहिलेलं बघून मी हात हलवत परत आले.

बावडेकर | 9 मे, दुपारी 12:50

ताई, आराखडा बाजूला ठेवा आणि उद्या दुपारी साडेबाराला मागच्या जागेत उभ्या राहून स्वतःची सावली शोधा. पायाखालीच असेल. आपलं कोल्हापूर 16.7 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. या दिवसांत प्लॉट बघणाऱ्याला सगळीकडं ऊनच ऊन दिसतं आणि तिथंच चूक होते.

तुमच्या आईंची खरी भाजी दिवाळी ते शिमगा. त्या काळात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. 22 डिसेंबरच्या सुमारास तो भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून 50 अंशच वर चढतो. म्हणजे 30 फूट उंच झाडाची दुपारची सावली साधारण 25 फूट, आणि ती उत्तरेला पडणार. तुमचं परडं दक्षिणोत्तर 48 फुटांचं. दक्षिणेला आंबा आणि जांभूळ लावलंत तर दहा-बारा वर्षांत निम्म्याहून जास्त परडं थंडीभर सावलीत जाईल.

मी हे भोगलंय म्हणून कळकळीनं लिहितोय. बावड्यात घर बांधलं तेव्हा 1994 साली हौसेनं दक्षिणेला दोन आंबे लावले. पहिली आठ वर्षं मेथी, कोबी, टोमॅटो छान यायचे. मग मेथी लांबुळकी व्हायला लागली, टोमॅटोला नुसताच पाला. मी खत वाढवलं, माती बदलली, वाण बदलले. झाडाकडं बघायचं सुचायला पाच-सहा वर्षं गेली. आता आंबे तोडवत नाहीत आणि भाजी गच्चीवर गेली आहे.

तुमच्याकडं आणखी एक गोष्ट आहे. घर पूर्वेला, तेही दुमजली. डिसेंबरात सकाळी दहाला निम्म्याहून अधिक परडं घराच्याच सावलीत असणार. भिंतीलगतच्या दहा-बारा फुटांच्या पट्ट्यात ऊन यायला अकरा वाजतील. म्हणजे दुपारचं ऊन हीच तुमची कमाई. पश्चिमेलाही दाट झाड नको. मोठी झाडं उत्तरेच्या कडेला न्या. फक्त पलीकडच्या शेजाऱ्यांना आधी विचारा, सावली त्यांच्याकडं जाणार आहे.

म्हणून तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी झाडांची जागा पक्की करा. भाजी चुकली तर तीन महिन्यांत दुरुस्त होते.

उसाचा_फड | 9 मे, रात्री 9:15

ताई, मुरमाला एवढं घाबरू नगा. आमचं कागलाकडं काळं रान हाय. झड लागली की चार-चार दिवस वाफ्यात पाय ठेवता येत न्हाई, वांग्याची मुळं गुदमरत्यात. मुरमाड जागेत पाणी थांबत न्हाई, ही तुमची जमेची बाजू. फक्त ओल टिकत न्हाई आणि खाणं कमी.

सगळी जागा खोदत बसू नगा. जिथं वाफा तिथंच माती भरा. चार फूट रुंदीचे वाफे करा, म्हंजे दोन्हीकडनं हात पोचतो. दीड फूट उंच दगड नाहीतर विटा लावा. आत दोन हिस्से पोयट्याची माती आणि एक हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत. साखर कारखान्याची मळी, म्हंजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळाली तर ती पण चालती, पण वर्षभर कुजलेली घ्या. ताजी टाकली की वाफा तापतो आणि रोपं करपत्यात. वर उसाचं पाचट पसरा. उन्हाळ्यात निम्मं पाणी वाचतं.

आणि शेणखत घेताना पाटीभर उकरून बगा. पांढरी, इंग्रजी सी सारखी वाकडी अळी दिसली तर ती हुमणी. आमच्या उसाचा तिनं जीव घेतलाय. एक गाडी शेणखत आणि घरात हुमणी, असं लई जणांचं झालंय. कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर वळीव पडून गेल्यावर संध्याकाळी तिचे भुंगेरे पाला खायला जमत्यात. परड्याला लागून कडुनिंब लावायचा असंल तर हे ध्यानात ठेवा. झाड हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे.

रानजाई | 10 मे, सकाळी 8:05

झाडांबद्दल मी लिहिते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत आणि या प्रश्नावर मला शांत राहता येत नाही.

कोनोकार्पस नको. झटपट वाढतं, बारा महिने हिरवं दिसतं, म्हणून खपतं. गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कारणं दोन दिली गेली: परागकणांमुळं होणारा त्रास, आणि मुळं पाइप, केबल, ड्रेनेजमध्ये शिरणं. आपल्या पाखरांना, फुलपाखरांना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. पामचंही तेच, शोभेपलीकडं काही नाही.

जांभूळ मला फार प्रिय आहे, पण चार गुंठ्यांत घराजवळ नको. ते 50 फुटांवर जाणारं झाड आहे, आणि फळांच्या दिवसांत फरशी, भिंत, कपडे सगळं जांभळं होतं. तुमच्या वसाहतीची सार्वजनिक खुली जागा असेल तर तिथं लावा, आईंनाच लावू द्या. नारळाला भरपूर पाणी आणि खोल माती लागते. मुरमावर तो जगेल, पण कुढत. वड, पिंपळ, उंबर हे तर भिंतीच्या जवळपास विचारातही घेऊ नका.

ताम्हण आपलं राज्यपुष्प म्हणून लोक हमखास मागतात. ते मुळात ओढ्याकाठचं, ओलीतलं झाड आहे. राधानगरी, गगनबावड्याकडं ओढ्यांच्या कडेला बघा कसं फुलतं. मुरमावर त्याला कायम पाणी द्यावं लागेल.

मग लावायचं काय? माझा पहिला कौल आपट्याला. दसऱ्याला आपण दसरा चौकात सोनं लुटतो आणि ‘आपटा’ म्हणून बहुतेक वेळा कांचनाच्या फांद्या ओरबाडलेल्या असतात. कांचनाचं पान मोठं असतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. हे झाड बुटकं, वाकडंतिकडं, डोंगरउतारावर खडकाळ जागेत वाढणारं. मुरूम म्हणजे त्याचं माहेरच. उत्तरेच्या भिंतीजवळ दहा फूट अंतर सोडून एक आपटा लावा.

रस्त्याच्या बाजूला, वर विजेच्या तारा नसतील तर, बहावा. एप्रिल-मेमध्ये पानं झडून पिवळे झुंबर लटकतात तेव्हा घराला दुसरी शोभा लागत नाही. तारा असतील तर पारिजातक. आवळा, सीताफळ, बेल हेसुद्धा मुरमात सुखानं राहतात. बकुळ सुंदर आहे, पण दाट आणि सदाहरित. पश्चिमेला लावलात तर बावडेकर काका म्हणतात ते दुपारचं ऊन जाईल.

अंतराचा माझा ठोकताळा: लहान झाड भिंतीपासून किमान 10 फूट, मध्यम 15 ते 20, मोठं 30 च्या पुढं. काळ्या मातीत तर हे जास्तच पाळावं. ती माती ओलीनं फुगते, सुकली की आकसते, आणि मोठ्या झाडाच्या मुळांनी पाणी ओढलं की पायाजवळची जमीन खचून भिंतीला तडे जातात. शहराच्या हद्दीत झाड काढायचं तर 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानं परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून खड्डा घेण्याआधी विचार करा.

शिरोळकरीण | 10 मे, दुपारी 1:10

उभी राहून बघितलं. सावली खरंच पायाखाली होती. काका, तुमचे उपकार. मी डिसेंबरचा विचारच केला नव्हता.

जांभळासाठी खुल्या जागेची कल्पना आईला फोनवर सांगितली, तिला आवडली. नारळ सोडला. पण आंबा सोडवत नाही. एक आंबा उत्तर-पश्चिम कोपऱ्यात बसेल का?

बावडेकर | 10 मे, दुपारी 4:30

बसेल, पण कलमी घ्या आणि पहिल्या वर्षापासून छाटणी करा. कोय लावून आलेलं झाड आवरत नाही. हापूस एक वर्षाआड धरतो, शिवाय साक्याचा, म्हणजे आतला गर खराब होण्याचा त्रास. घरच्या एका झाडासाठी मला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रत्ना बरा वाटतो. नीलम आणि हापूस यांचा संकर, दरवर्षी धरणारा, साका नसलेला. झाडही फार दांडगं होत नाही. नाहीतर केसर. खोड अडीच-तीन फुटांवर असताना शेंडा खुडा, तीन-चार फांद्या चहूबाजूंना ठेवा, आणि दरवर्षी फळं उतरल्यावर जूनच्या आत छाटून 12 ते 15 फुटांवर ठेवा.

खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. आत्ताच काढून मेचं ऊन खाऊ द्या. त्यात चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली कातळ आहे, जागा बदला.

वाफ्यावरची | 11 मे, सकाळी 7:40

आता भाजीचं माझ्याकडून घ्या. कळंब्याला माझं दोन गुंठ्यांचं परडं आहे, अकरा वर्षं झाली.

शिरोळकरीण ताई, वाण निवडताना पहिला प्रश्न ‘चांगला कोणता’ हा नाही. ‘कुठल्या हंगामाला’ हा. कांद्याचं उदाहरण घ्या. एन-53 किंवा बसवंत 780 हे खरिपाचे. एन-2-4-1 हा रब्बीचा, चार-पाच महिने टिकणारा. मी पहिल्या वर्षी एन-53 ची रोपं डिसेंबरात लावली आणि निम्म्या वाफ्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे आले. वाण चांगला होता, वेळ चुकली. मुळ्याचं तसंच. पावसाळा-उन्हाळ्याला पुसा चेतकी. थंडीचे वाण वेगळे. गाजरात पुसा केसर आपल्याकडं येतं, नँटीजला जास्त थंडी लागते. पण मुरमाड जागेत गाजर लावायचं तर दीड फूट माती बारीक चाळून घ्या. एक खडा लागला तरी गाजराला दोन पाय फुटतात.

भेंडीत बघायचं ते हळद्या रोगाला तोंड देण्याचं बळ. पानांच्या शिरा पिवळ्या होतात तो रोग, पांढरी माशी पसरवते. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे दोन्ही वाण त्यासाठीच काढलेले. जुनी पुसा सावनी आता या रोगाला लगेच बळी पडते, ती नको. उन्हाळी भेंडी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत टोका.

टोमॅटो पावसात लावू नका. आपल्याकडं जुलैमध्ये तरणा-म्हातारा पाऊस लागतो, ऊन दिसत नाही, आणि करपा आठ दिवसांत झाड खाली बसवतो. सप्टेंबरात रोपं टाका, ऑक्टोबरात लावा. राहुरीच्या विद्यापीठाचा धनश्री घरच्यासाठी छान, भाग्यश्री सुद्धा. गवारीत पुसा नवबहार. दुधीत सम्राट. काकडी हिमांगी, तिला कडवटपणा नसतो. कारल्यात फुले ग्रीन गोल्ड लांब हिरवं, हिरकणी बुटकी. शेवगा पीकेएम-1, वर्षाच्या आत शेंगा देतो. दरवर्षी शेंगा संपल्या की तीन फुटांवर छाटा, नाहीतर शेंगा आभाळात लागतात. शेवग्याची सावली विरळ असते, म्हणून तो पश्चिमेला चालेल. शेजारी कडीपत्ता.

पावसाळ्यात परडं म्हणजे मांडव. दोडका, कारलं, पडवळ यांना आखितीला आळी करायची आपली पद्धत उगाच नाही. वेल जूनपर्यंत अंगानं भरतात आणि पाऊस झेलतात. यंदा उशीर झाला असेल तर मृगाच्या तोंडावर लावा. खाली पोकळा, अंबाडी. मेथी, कोथिंबीर पावसात सडते, ती दसऱ्यानंतर. घराच्या भिंतीलगत अकरा वाजता ऊन येतं त्या पट्ट्यात आळू, आलं, हळद घाला. त्यांना तिथं बरंच वाटेल.

एक सूचना मनापासून. घरच्या वेलाचा दुधी कापल्यावर जिभेला टेकवून बघा. कडू लागला तर रस, भाजी काहीही करू नका, टाकून द्या. कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत.

गच्चीबाग | 11 मे, सकाळी 11:25

टोमॅटोत अर्का रक्षक का नाही? बंगळूरुच्या बागायती संशोधन संस्थेचा संकरित वाण आहे. पर्णगुच्छ विषाणू, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही. मी तीन वर्षं लावतोय, फवारणीची गरज जवळपास संपली.

वाफ्यावरची | 11 मे, दुपारी 12:15

वाण उत्तम आहे, यात वाद नाही. फक्त तो संकरित, त्यामुळं घरचं बी धरता येत नाही. पुढच्या पिढीत झाडं सरमिसळ निघतात. ताईंच्या आई बी राखणाऱ्यांपैकी वाटतात, म्हणून मी सरळ वाण सांगितले.

गच्चीबाग | 11 मे, दुपारी 12:40

हे मान्य. पण ज्या घरात फवारणी नको आहे तिथं दरवर्षी एक पाकीट विकत घेणं मला पटतं. दोन-दोन झाडं दोन्हीची लावून बघा, ताई.

शिरोळकरीण | 12 मे, रात्री 10:05

आईनं डबे उघडले आहेत. राखेत ठेवलेलं दोडक्याचं बी, पावटा, अंबाडी, आणि तिच्या काटेरी वांग्याचं बी चिमूटभर. तिची खात्री आहे, की ही कृष्णाकाठची वांगी मुरमात येणार नाहीत, आली तरी ‘ती’ चव येणार नाही. त्याऐवजी मांजरी गोटा घ्यावा का?

रानजाई | 13 मे, सकाळी 7:30

मांजरी गोटाही चांगलाच, पण बी हातात असताना ते सोडू नका. वांग्याची चव वाणात असते तशी माती आणि पाण्यातही असते, त्यामुळं आईंची शंका खोटी नाही. पण झाड जगवणं वेगळं आणि चव हुबेहूब जुळणं वेगळं. पहिलं तर नक्की होईल. शेजारी दुसरं वांगं लावू नका. वांग्याचं परागीभवन बहुतेक स्वतःच होतं, तरी मधमाश्या थोडी सरमिसळ करतातच, आणि तुम्हाला हे बी शुद्ध राखायचंय.

सगळं बी एकदम टाकू नका. निम्मं मृगात, निम्मं ऑगस्टअखेर.

उसाचा_फड | 13 मे, सकाळी 9:00

जमलं तर आईंच्या परड्यातली चार पोती माती घेऊन या. गाडीत बसतीया.

शिरोळकरीण | 2 ऑगस्ट, दुपारी 3:45

बरेच दिवसांनी लिहितेय. आई जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. माती सहा पोती आणली, एका वाफ्यात ती वेगळी भरली. रत्नाचं कलम वायव्येला, आपटा उत्तरेच्या भिंतीजवळ, शेवगा-कडीपत्ता पश्चिमेला, पुढं बहावा. जांभूळ वसाहतीच्या खुल्या जागेत आईनं स्वतः लावलं, शेजारच्या दोन मुलींना पाणी घालायची वाटणी करून दिली.

वाईट बातमी: मृगातल्या वांग्यांपैकी बहुतेक गेली. पानं बारीक-बारीक होऊन झुपका झाला, फूल नाही. आणि दोडक्याला मादी कळ्या येतात, दोन दिवसांत पिवळ्या पडून गळतात.

वाफ्यावरची | 2 ऑगस्ट, संध्याकाळी 6:20

वांग्याचा तो पर्णगुच्छ. तुडतुडे पसरवतात, उपाय नाही. झाडं मुळासकट काढून परड्याबाहेर टाका, आजच. ऑगस्टअखेरच्या रोपांवर सुरुवातीपासून बारीक जाळी टाका.

दोडक्याचं सोपं आहे. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुधीचंही तसंच. सकाळच्या मधमाश्या त्यांच्या कामाच्या नाहीत, आणि पावसात संध्याकाळचे पतंगही येत नाहीत. आत्ता जाऊन बघा, उमललेलं असेल. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यावर हळू फिरवा. मादी फुलामागं छोटा दोडका दिसतो. काकडी, कारलं, भोपळा यांचं काम मात्र सकाळी.

एक विचारते, जवळ ऊस आहे का? माझ्या टोमॅटोची पानं एका वर्षी दोऱ्यासारखी अरुंद होऊन पिळवटली. रोग समजून मी वीस झाडं उपटली. नंतर कळलं, शेजारच्या उसात टू-फोर-डी तणनाशक फवारलं होतं आणि वाऱ्यानं ते माझ्याकडं आलं. उसाला त्याचा त्रास होत नाही, पण टोमॅटो, वांगी, घेवड्याला थेंबभरही सोसत नाही.

उसाचा_फड | 2 ऑगस्ट, रात्री 8:50

हे खरं हाय. आमच्याकडनं होतं ते. आता मी वारा पडल्यावर, सकाळी लवकर मारतो आणि बांधाकडच्या चार सऱ्या खुरपून घेतो. तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याला एकदा भेटून सांगा, ताई. माहीत नसतं म्हणून होतं, मुद्दाम कोण करत न्हाई.

शिरोळकरीण | 3 ऑगस्ट, सकाळी 7:55

ऊस लांब आहे, ते नाही. पण काल संध्याकाळी आई बॅटरी घेऊन मांडवाखाली गेली आणि चौदा फुलं फिरवून आली.

बावडेकर | 3 ऑगस्ट, सकाळी 9:10

आंब्याच्या कलमाला काठीचा आधार दिलाय ना? कलमाच्या सांध्याखालून फूट फुटली तर लगेच काढा. ती गावठी खुंटाची असते आणि वरच्या रत्नाला उपाशी ठेवते.

शिरोळकरीण | 4 जानेवारी, दुपारी 2:30

22 डिसेंबरला साडेबारा वाजता सहा फुटांची काठी परड्यात रोवली. सावली पाच फूट एक इंच. काका, तुमचा हिशोब तंतोतंत. काठी दक्षिणेच्या भिंतीजवळ रोवली होती, जिथं मी आंबा आणि जांभूळ लावणार होते. तिथं आत्ता मेथी, पालक, चाकवत आणि एन-2-4-1 ची रोपं आहेत, दुपारभर उन्हात.

ऑगस्टअखेरच्या बियांतून अठरा वांगी उभी राहिली. दहा आईच्या मातीच्या वाफ्यात, आठ पोयटा-शेणखताच्या. शेंडे मलूल दिसले की आई रोज खुडून टाकते, आतली अळी दाखवते, आणि दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावले आहेत. पहिली वांगी डिसेंबरच्या मध्याला निघाली. दोन्ही वाफ्यांतली वेगवेगळी भरून केली आणि कोणती कुठली ते आईला सांगितलं नाही. तिनं तिच्या मातीतली ओळखली. मग दुसरी खाऊन म्हणाली, ‘ही बी वाईट न्हाईत, पाण्याला सवकली की येतील.’ दोन झाडांवर चार फळं पिवळी होईपर्यंत बियांसाठी ठेवली आहेत.

धनश्री आणि अर्का रक्षक दोन्ही लावले. आमटीला आईला धनश्री आवडतो. पण धनश्रीच्या दोन झाडांवर करपा आला आणि रक्षक स्वच्छ राहिला, हेही खरं. गाजराला दोन पाय फुटले, काहींना तीन. शेवगा डोक्याच्या वर गेलाय. आपट्याला नवी पानं आली आहेत, अजून गुडघ्याएवढाच आहे.

आता आई भोगीच्या भाजीचा हिशोब करतेय. वांगी दारची, पावटा दारचा, घेवडा दारचा, गाजर दारचं, जसं आहे तसं. हरभरा तेवढा लावायचा राहिला.

उसाचा_फड | 4 जानेवारी, रात्री 8:15

ताई, हरभऱ्याचे डहाळे मी भोगीच्या आदल्या दिवशी आणून देतो, पाचगावला येणंच हाय. आईंना सांगा, वांग्याचं बी वाळलं की चिमूटभर माझ्यासाठी राखेत ठेवा.